सरूआत्याचं रेकॉर्डिंग

ही माझ्या भिंतीपलीकडच्या इंद्रजितची गोष्ट. मी तिथं हजर व्हतो, म्हणून सांगतो. साकिब, तुला हसायचं असंल तर आत्ताच हसून घे.

"मी काय म्हणलो का कारभारीमामा?"

म्हणला नाहीस, पण तोंड तसं केलंस. मोनिका, ते गच्चीचं दार लोटून घे.

तर इंद्रजित. चितेगावला कंपनीत हाय, अन् राहतो आपल्या हडकोच्या लायनीत. दोन घरांना मिळून एक भिंत. त्याच्याकडं कुकरची शिट्टी झाली की आमची ही उठून आमचा गॅस बंद करती.

गेल्या नोव्हेंबरात तो क्रांती चौकात गेला अन् एक माइक, एक हेडफोन अन् वायरी खोचायचा एक छोटा डबा घेऊन आला. कॉम्प्युटर घरात व्हताच. काम एवढंच, की सरूआत्याची हळदीची गाणी भरून ठेवायची. सरूआत्या म्हणजे त्याच्या बापाची बहीण, कन्नडची. त्यांच्या घरातली एकही हळद तिच्या गाण्याबिगर लागलेली नाय. अन् आता इंद्रजितच्या बहिणीचं, श्रेयाचं लग्न ठरलेलं, उन्हाळ्यातलं. अन् आत्याच्या गळ्यात गाठ. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणले, गाठीबरोबर आवाजाची पेटी पण काढावी लागंल. बाई जगंल, पण बोलणार नाय.

म्हणजे जे काय गायचं, ते सोमवारच्या आत.

पोरानं खोली तयार केली. कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरतो म्हणून कॉम्प्युटरचा मोठा डबा न्हाणीत नेऊन उलट्या बादलीवर ठेवला. दाराखालून वायरी घेतल्या. उघड्या भिंतीवर आवाज आदळतो, म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगल्या. गोधड्या आत्यानंच आणल्या, एसटीतून, गाठोडं बांधून.

त्यातली जांभळी बघून आमची ही म्हणली, "सरूताई, ही तुमच्या मालकांची ना?"

माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण कोणी घरात ठेवीत नाय, देऊन टाकतात. आत्यानं ठेवलं व्हतं.

"लई उबीची हाय," आत्या म्हणली. विषय संपला.

शनिवार व्हता, बावीस तारीख. दिवसा भाजीवाल्यांचे भोंगे, म्हणून रात्रीच बसले. बारा वाजून गेले असतील. माझं दार वाजलं. बाहेर इंद्रजित.

"मामा, तुम्ही घोरता का?"

"झोपेत असतो बाबा, मला काय माहीत."

"मामी, मामा घोरतात का?"

"लई," आमची ही आतून म्हणली. माझ्या कुठल्याच प्रश्नाला तिनं एवढ्या लवकर कधी उत्तर दिलं नाय.

आत्याच्या गाण्यात घोरणं येत व्हतं म्हणं. दर गाण्यात. भिंत एक, म्हणजे चोर मी. त्यानं मला उठवून त्याच्या खोलीत नेलं अन् स्टुलावर बसवलं. जागा माणूस घोरत नाय, असा त्याचा हिशेब. त्याच्या दुसऱ्या बाजूचे कमरोद्दीनभाई लेकीकडं गेलेले, त्यांच्या दाराला कुलूप. ते पण हा दोनदा ओढून बघून आला. मग फ्रिजची पिन काढली. छताचा पंखा बंद केला.

"आता कोणी काय बोलू नका," तो म्हणला. "नुसती शांतता भरतो."

त्या कॉम्प्युटरचं असं हाय, आवाज नसला की पडद्यावर सरळ रेघ. आवाज आला की डोंगर.

रेघ सरळ.

सरळ...

मग डोंगर. खाली. परत डोंगर. खाली.

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. इंद्रजितनं हेडफोन माझ्या कानाला लावला. आत माणूस घोरत व्हता. लांब श्वास... अन् शेवटाला बारीक शिट्टी.

"मामा, तुम्हीच करताय," तो माझ्या नाकाकडं बघत म्हणला.

मी तोंड मिटलं. नाक चिमटीत धरलं.

डोंगर चालूच.

मग त्याचं तोंड उतरलं. त्यानं माइक हातात घेतला अन् भिंतीभिंतीनं फिरवला. खिडकीपाशी डोंगर बारीक. दारापाशी बारीक. जांभळ्या गोधडीपुढं...

पडद्यात मावंनात.

"दे इकडं," आत्या म्हणली. हेडफोन कानाला लावला. मला वाटलं, बाई आता पडती. बाईच्या तोंडावर भीती नव्हती. वैताग व्हता. लई जुना, संसारातला. ती गोधडीकडं वळली.

"अहो, कुशीवर व्हा."

हेडफोनातून सळसळ बाहेर आली. कापडावर कापड सरकल्यासारखी.

मग रेघ. सरळ.

"भर आता," आत्या म्हणली. अन् गायली. पहाटंपर्यंत, सगळी गाणी. एक डाग नाय.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. दवाखाना जवळ म्हणून आत्या इंद्रजितकडंच राहिली. तिनं हात हलवून सांगितलं, गोधडी राहू दे. राहिली.

डिसेंबरात ते घोरणं हेडफोनाबिगर ऐकू यायला लागलं. रात्री. भिंतीतून माझ्याकडं पण. आमची ही झोपेत मला कोपर मारायची, अन् मी टक्क जागा.

इंद्रजितनं म्हणून बघितलं, कुशीवर व्हा. काय नाय. मी म्हणून बघितलं. काय नाय. आत्या तोंड उघडायची... नुसती हवा.

शेवटी पोराला आठवलं. त्या रात्री माइक चालूच व्हता. त्यानं तेवढा तुकडा शोधला अन् स्पीकरवर लावला. "अहो, कुशीवर व्हा."

गप.

तवापासून तेच. पोरगं रोज निजताना तेवढा तुकडा लावायचं. क्रांती चौकातून एवढं सामान आणलं, त्याला आता रोजचं काम हे एकच.

"मामा, फेकता राव," साकिब म्हणला.

फेकतो. जा मग खाली.

गेला नाय बघा.

जानेवारीत एका रात्री आख्ख्या लायनीची लाइट गेली. कॉम्प्युटर बंद. अन् घोरणं सुरू. मोठं. माझ्या ताटल्या वाजत व्हत्या मांडणीवर. मी बॅटरी घेऊन गेलो. त्या खोलीच्या दारात आम्ही तिघं. इंद्रजित पुढं. आत्या माझ्या शेजारी, गळ्याला मफलर. तिनं माझी बाही धरलेली.

आत अंधार.

घोरणं...

अन् मग आतून आवाज आला. आत्याचा.

"सरका थोडं."

मी बॅटरी आत्याच्या तोंडावर मारली. तोंड मिटलेलं. डोळे गोधडीकडं.

हे वाक्य तिनं भरलंच नव्हतं. मी स्टुलावर व्हतो ना, पहाटंपर्यंत.

घोरणं थांबलं. मग काहीच नाय. लई वेळ... काहीच नाय.

सकाळी लाइट आली. इंद्रजितनं कॉम्प्युटर लावला. गाणी जागच्या जागी, नावं टाकलेली, सगळी. उघडली तर रेघ. सरळ. दुसरं गाणं, सरळ. तो तुकडा पण सरळ. पोरगं डोकं धरून खाली बसलं.

"मग श्रेयाताईची हळद?" मोनिकानं विचारलं.

तेच पोरानं आत्याला विचारलं. आत्या काय रडली नाय. तिनं मला खूण केली, गोधडी उतरवा.

उतरवली. जमिनीवर पसरली. एवढे दिवस भिंतीला टांगलेली गोधडी, पण आत खळगा पडलेला. कुशीवर निजलेल्या माणसाचा, गुडघे पोटाशी घेतलेले. पार कडेला सरकलेला.

अन् मधल्या जागेत आणखी एक. छोटा. मांजर निजावं एवढा.

हळद मे महिन्यात हाय. इंद्रजितनं आत्याला विचारलं, स्पीकर सांगू का. तिनं मान हलवली, नको. अन् आधी आपल्या गळ्यावर, मग गोधडीवर हात ठेवला. ही न्यायची. मांडवात टांगायची. मला पण आमंत्रण हाय. बघू.

घडी मीच घातली. घालताना दोन्ही खळग्यांना हात लावून बघितला. मोठा गार व्हता.

छोटा कोमट.