बोरमाळेचा दोरा

बारा एप्रिल, दुपारचे सव्वाचार. चौसाळा, हायवेलगतचं बद्रीनाथ सोनाराचं दुकान. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन आणि ट्रकांची घरघर. आत पंखा, तराजू आणि आम्ही दोघं. मी एक बोरमाळ नव्या दोऱ्यात ओवून घ्यायला गेलो होतो. तासाभराचं काम.

तीस वर्षं मी बातमीदारी केली. गेवराईकडच्या वाळूवाल्यांनी माझी मोटारसायकल जाळली, तरी बातमी मागे घेतली नाही. हे मिरवायला सांगत नाही. त्याच सवयीने पुढचं सगळं घडलं.

गुलाबी कागदाची पुडी मी काचेवर ठेवली. बद्रीनाथने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पुडी उघडली आणि नाक आक्रसलं.

"साहेब, वैनी ही माळ रोज घालत्यात का?"

"नाही. तीन वर्षं कपाटात आहे."

"मग कपाटाला घाम सुटला व्हय? दोरा बघा की."

दोरा काळा पडला होता. तेलकट, ओलसर. मण्यांच्या भोकांशी काजळी बसलेली. आणि वास जळलेल्या पाचटाचा. ऊसतोडीच्या फडात एकदा तरी गेलेला माणूस तो विसरत नाही.

बद्रीनाथचे हात चालले की तोंडही चालतं. "बोरमाळेचे मणी आतून पोकळ, लाख भरलेले. उकळत्या पाण्यात टाकले की लाख सुटली म्हणून समजा. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, सुती फडकं. बस. अन् दोरा वर्षाला बदलायचा. बाया सोनं घेताना वजन बघत्यात, घडण कुणी बघत न्हाई. ही घडण बघा, लई जुनी. सदतीस मणी, सगळे हातानं ठोकलेले. मधला तेवढा चेपलाय. कुणाची म्हणायची?"

"आईची," मी म्हणालो. "तो चेपलेला मणी बदलून टाक. माळ नवी दिसली पाहिजे."

खोटं बोललो. माळ मंजुळाबाईची होती.

मंजुळाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. मला भाऊ म्हणायची, तिची मंगल मामा म्हणायची. कारखान्याला ऊस तोडायला जाताना आमच्याकडच्या बाया सोनं बरोबर नेत नाहीत. पाचटाच्या खोपीला कुलूप कुठून लावणार? भरवशाच्या घरी ठेवून जातात. तीन वर्षांपूर्वी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती पडली आणि जागीच गेली. पंचनाम्यात गळ्याभोवती मण्यांचे ठसे नोंदवले होते. माळ नव्हती.

मंगल तेव्हा फडातच होती. रडत म्हणाली, "सकाळी आईनं माझ्यासमोर बोरमाळ पदराखाली सारली, मामा."

मी पेटलो. प्रेताजवळ पहिला पोचला होता मुकादम धर्मराज. एवढं मला पुरलं. 'मंजुळाबाईची बोरमाळ कुठे आहे?' असा मथळा देऊन तीन दिवस मी त्याच्यावर तुटून पडलो. लोकांनी त्याला भर बाजारात मारलं.

चौथ्या दिवशी माझी बायको विजयमाला माहेरून परतली. पेपर वाचला, कपाट उघडलं आणि ही पुडी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"माळ आपल्याकडं हाय. फडावर जायच्या आदल्या दिवशी ती माझ्यापाशी ठेवून गेलती."

"आधी का नाही सांगितलंस?"

"साऱ्या जिल्ह्याला इचारत फिरलात. घरात कावून न्हाई इचारलं?"

पोर गोंधळली असेल, ठसे मंगळसूत्राच्या मण्यांचे असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुरुस्ती छापायला चार ओळी लागल्या असत्या. मी छापल्या नाहीत. धर्मराज गाव सोडून गेला. मंगल मात्र दर दिवाळीला यायची, "आईसाठी तुमीच लिहिलं" म्हणत माझ्या पायाशी वाकायची. आमच्याकडे मामाने भाचीला पाया पडू द्यायचं नसतं. मी पडू देत होतो.

आता तिचं लग्न ठरलं होतं. माळ ओळखू येणार नाही अशी करून मामाचा आहेर म्हणून द्यायची, हा माझा बेत. माळ परत, नाव शाबूत.

बद्रीनाथने जुना दोरा कापला. मणी धुतले, पुसले, नव्या तांबड्या दोऱ्यात ओवले. मधल्या मण्याच्या मापाचा दुसरा शोधायला तो डब्या धुंडाळत बसला. तेवढ्यात चहा आला. चहा संपेस्तोवर दोरा काळा पडला होता.

"पाणी राहिलं असंल भोकात..." तो पुटपुटला.

त्याने मणी वाळवले. पुन्हा ओवले. माळ कोऱ्या कापसावर ठेवली आणि आम्ही दोघं बघत बसलो. मधल्या चेपलेल्या मण्यापासून ओल निघाली. दोन्ही बाजूंनी, एकेक मणी करत, वर चढत गेली. कापसावर गोल काळपट डाग उमटला. पाचटाचा वास पंख्याखाली दुकानभर फिरला.

बद्रीनाथने पंखा बंद केला. बाहेरचे ट्रक ऐकू येईनासे झाले.

"साहेब... आत्ता या घडीला... ही कुणाच्या गळ्यात हाय?"

मी सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने. मग बद्रीनाथने चिमट्याने माळ उचलून पुडीत ठेवली आणि पुडी माझ्याकडे सरकवली.

"मणी बदलणार न्हाई मी. जिची हाय तिच्या लेकीला द्या. हाय तशी."

साडेपाचला मी मंगलच्या अंगणात उभा होतो. तिचा बाप उत्तरेश्वर बाजेवर बसला होता. दोघांसमोर बोललो. काही गाळलं नाही.

उत्तरेश्वरने विचारलं, "धर्मराजच्या लेकरांना आता काय सांगणार, भाऊ?"

मी पुडी मंगलच्या हातात ठेवली. तिने पुडी उघडली, माळ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. रडली नाही. वाकलीही नाही.

"आईचाच वास हाय," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "पण मामा... ही तुमच्या कपाटात व्हती, तर त्या सकाळी आईनं पदराखाली काय सारलं? मी बघितलंय. मधला मणी चेपलेला व्हता."

हा मजकूर म्हणजे माझी दुरुस्ती. तीन वर्षं उशिरा. धर्मराजने माळ घेतली नव्हती. मला ज्यांना शिव्या द्यायच्या असतील त्यांनी द्याव्यात, पत्ता बदललेला नाही.

घरी येऊन मी पंचनाम्याची जुनी प्रत काढली. तेव्हा मी माझ्या कामाची ओळ तेवढी वाचली होती. तिच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक आहे: ठसे सदतीस, पैकी मधला चपटा.

मंजुळाबाई गेली त्या दिवशी आमचं कपाट बंद होतं. किल्ली विजयमालाच्या कमरेला, तिच्या माहेरी होती.