बुधवारची दोन तिकिटं

सोमवारी सकाळी नऊ वाजता आम्ही सहाजणी फोनला बसायचो. लंडनमध्ये, सोहोच्या एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. सहा टेबलं, सहा काळे फोन आणि कोपऱ्यात सतत उकळणारी चहाची किटली. काम एकच. देशभरातल्या थिएटरांना फोन लावायचा, शुक्रवार ते रविवार कुठल्या सिनेमाला किती माणसं आली ते विचारायचं, त्याआधीच्या सोमवार ते गुरुवारचे आकडेही घ्यायचे आणि तक्त्यात भरायचे. दुपारी तीनपर्यंत बेरजा होऊन पहिल्या पंधरा सिनेमांची यादी टाइप व्हायची. मंगळवारी ती सिनेमाधंद्याच्या वर्तमानपत्रात यायची. त्या दिवशी आसपासच्या सिनेमा कंपन्यांच्या कचेऱ्यांमध्ये कुणी शॅम्पेन उघडायचं, तर कुणी खोलीचं दार लावून बसायचं.

मला त्या आकड्यांचं वेड होतं. ब्लॅकपूलला शनिवारी पाऊस पडला की आकडा चढतो, फुटबॉलची मोठी मॅच असली की उतरतो. पहिल्या आठवड्यात पहिला असलेला सिनेमा दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आला, की तो संपला म्हणून समजावं. शुक्रवारीच मी पहिल्या पाचांचा क्रम कागदावर लिहून ठेवायची आणि दहापैकी आठ वेळा तो बरोबर यायचा. शेजारच्या टेबलावरची बेरिल म्हणायची, "अ‍ॅव्हरिल, नवऱ्याचं नाव विसरशील एक वेळ, पण हडर्सफील्डच्या शनिवारचा आकडा नाही विसरायचीस." नवऱ्याला सोडून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आडनाव तेवढं त्याचं राहिलं होतं, प्रायर.

उत्तरेकडची बासष्ट थिएटरं माझ्याकडे होती. त्यातलं शेवटचं विदर्नसीचं रीजंट. यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावरचं ते लहानसं गाव माझंच. तिथल्या दीपगृहाच्या मागच्या गल्लीत माझी आई एकटी राहायची आणि आम्ही सतरा वर्षं बोललो नव्हतो.

कारण सांगण्यासारखं नाही, पण सांगते. एकोणसत्तर साली वडील शनिवारी गेले. तार आली. अंत्यविधी मंगळवारी सकाळी होता. त्या आठवड्यात एक फार मोठा सिनेमा लागला होता, सगळ्यांचे डोळे त्याच्या आकड्याकडे होते. मी म्हटलं, सोमवारचं काम उरकून रात्रीची गाडी पकडू. बेरजा लांबल्या, गाडी चुकली. मी घरी पोहोचले तेव्हा मंगळवारचे तीन वाजले होते, लोक सँडविच खाऊन परतलेसुद्धा होते. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आकडे जमले का?" मग तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हलकेच लावलं. त्यानंतर दर नाताळला एकमेकींना कार्ड, त्यावर फक्त सही.

रीजंटचे मॅनेजर मेडफर्थ लीड्सहून आलेले, गावात नवे. मी तिथली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

शहाऐंशी सालच्या जानेवारीतला तिसरा सोमवार. मेडफर्थांनी आकडे सांगितले आणि हसून म्हणाले, "बुधवारची मॅटिनी, सतरा तिकिटं. माणसं मात्र सोळा हं, बाईसाहेब. तुमच्या तक्त्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

"म्हणजे?"

"एक म्हातारी आली होती. दोन तिकिटं घेतली, एका खुर्चीवर स्वतः बसली आणि कडेची रिकामी ठेवली. म्हणाली, मुलगी येतेय."

मी सतरा लिहिलं. तिकीट विकलं गेलं की ते मोजायचं, असा आमचा नियम होता.

पुढच्या सोमवारी मीच विचारलं, "ती म्हातारी आली होती?"

"आली की. दोन तिकिटं. नववी रांग, कडेची जोडी. डाव्या हाताने पैसे देते, उजवा कोटाच्या खिशातून काढतच नाही. मी थट्टेनं म्हटलं, आजी, लेक फारच उशीर करते की! तर म्हणते कशी, तिला सोमवारी काम असतं, म्हणून मी बुधवारी येते."

माझी पेन्सिल थांबली. "दिसायला कशी आहे?"

"बारीकशी. हनुवटीवर जुना व्रण आहे. का हो?"

"सहज," मी म्हटलं.

मासळीच्या कारखान्यात काम करताना आईच्या हनुवटीला सुरी लागली होती. मी तेव्हा चार वर्षांची होते.

त्या दिवशी घरी जाताना मला रडू येत होतं आणि आतून बरंही वाटत होतं. आई माझी वाट पाहत होती. मी लहान असताना आम्ही दोघी बुधवारी मॅटिनीला जायचो, तिची सुट्टी त्या दिवशी असे म्हणून. मला एवढंच करायचं होतं की एखाद्या मंगळवारी संध्याकाळी गाडीत बसायचं. मी ठरवलंही. पुढच्या आठवड्यात नक्की. मग त्या आठवड्यात बेरिल आजारी पडली. त्याच्या पुढच्या आठवड्यात बर्फ पडला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी जाऊन त्या खुर्चीत बसावं आणि तिने पुन्हा तोच प्रश्न विचारावा, याची.

आईकडे फोन नव्हता, पण शेजारच्या जॉयस मावशीकडे होता. नंबर माझ्या वहीत होता. दर सोमवारी बासष्ट फोन करणारी बाई मी. त्रेसष्टावा केला नाही.

फेब्रुवारीभर मेडफर्थ सांगत राहिले. "आली होती. दोन." आकड्यांच्या आधी मी तिचं विचारायची, त्यांना त्याची सवय झाली होती. एकदा म्हणाले, "गंमत आहे बघा. येताना दिसते, जाताना कधीच दिसत नाही. खेळ संपला की मी दाराशी उभा असतो, सगळ्यांना निरोप देतो. ही मागच्या दाराने जात असणार."

"असेल," मी म्हटलं. रीजंटचं मागचं दार वडिलांच्या काळापासून खिळे ठोकून बंद होतं. पण डागडुजीत उघडलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मार्चच्या मध्यावर ते म्हणाले, "आजी आता बोलत नाहीत. काचेपुढे उभ्या राहतात आणि दोन बोटं दाखवतात. तोंड जरासं वाकडं झालंय. एक विचारू का? तब्येत एवढी बरी नसताना हिला घरातलं कुणी एकटीला सोडतं कसं?"

मी शनिवारचा आकडा विचारला.

ईस्टर होऊन गेल्यावरचा सोमवार, सात एप्रिल. त्यांनी आकडे दिले, मी लिहिले. फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मिसेस प्रायर, राग मानू नका. तुम्ही त्या मुलीला ओळखता का? ओळखत असाल तर सांगा तिला, या बुधवारी ये म्हणावं. आजी थकल्यात फार."

खोलीत पाचजणी आपापल्या फोनवर आकडे परत परत बोलून खात्री करून घेत होत्या. किटलीचं झाकण खडखडत होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी नाही ओळखत."

"बरं," ते म्हणाले. "मला आपलं वाटलं."

मी मंगळवारी गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. बर्फ नव्हता, बेरिल ठणठणीत होती. बुधवारी दोन वाजता मी टेबलाशी बसून चीजचं सँडविच खाल्लं आणि घड्याळाकडे पाहायचं टाळलं.

गुरुवारी सकाळी ऑफिसात जॉयस मावशींचा फोन आला.

"अ‍ॅव्हरिल, बाळा, तुझी आई गेली गं. काल दुपारी अडीचला."

"कुठे? थिएटरात?"

"थिएटरात?" मावशी गोंधळल्या. "हल शहरातल्या हॉस्पिटलात. जानेवारीपासून तिथेच होती ना."

"मावशी, पण ती बुधवारी..."

"काय बुधवारी? अगं, नवीन वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात तिची उजवी बाजू गेली. कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. मार्चमध्ये दुसरा झटका आला, मग वाचाही गेली. मी दर बुधवारी बसने जायची. ही दुपारभर डोळे मिटून पडलेली असायची, हाक मारली तरी उघडायची नाही. चार-साडेचारला उघडायची."

मी विचारलं, मला का नाही कळवलं?

"तिनेच नको म्हटलं. बोलता येत होतं तोवर एकच सांगायची. तिला नका त्रास देऊ, तिला सोमवारी काम असतं."

मी शुक्रवारीच गावी गेले. सोमवारी माझ्या टेबलावर बेरिल बसली. सोळा एप्रिलला, बुधवारी अकरा वाजता, आईला वडिलांच्या शेजारी ठेवलं. या वेळी मी अर्धा तास आधी पोहोचले होते. लोकांना सँडविच वाढली, कप विसळले आणि दीड वाजता कोट घालून रीजंटला गेले.

तिकीटखिडकीत गोल चेहऱ्याचे, टकले, पासष्टीचे गृहस्थ बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"मिसेस प्रायर! लंडनहून इथवर? सोमवारी दुसऱ्याच कुणी होत्या, म्हटलं तुम्हाला बढती मिळाली की काय."

"मेडफर्थ, ती म्हातारी... गेल्या बुधवारी आली होती?"

त्यांचा चेहरा उतरला. "आली होती. पण एकच तिकीट घेतलं. एकच बोट दाखवलं. मी म्हटलं, आजी, आज दुसरं नको? तर मान हलवली. नेहमीच्या जागीही बसली नाही. आत गेली ती कुठे बसली, मला दिसलं नाही."

मी सांगितलं, ती माझी आई. मी सांगितलं, ती गेली. कधी आणि कुठे, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि परत घातला.

"दोन द्या," मी म्हटलं.

त्यांनी दोन तिकिटं फाडली आणि पैसे परत सरकवले. "आज तुम्ही एकट्याच आहात," ते म्हणाले. "गावातले सगळे म्हातारे यॉर्कच्या सहलीला गेलेत. खेळ रद्दच करणार होतो. पण लावतो."

मी नवव्या रांगेत बसले. कडेची खुर्ची मोकळी ठेवली. दिवे गेले. कुठला तरी विनोदी सिनेमा होता, त्या आठवड्याच्या यादीत चौथा. पडद्यावर माणसं धावत होती, पडत होती. मी वीस मिनिटांनी एकदा शेजारी पाहिलं. मग अर्ध्या तासाने पाहिलं. इंटरव्हलला मेडफर्थांनी चहाचा ट्रे आणला, त्यावर दोन कप होते. ट्रे ठेवून ते गेले. मी एक कप प्यायले. दुसरा निवला.

दुसऱ्या भागात मी हळू आवाजात म्हटलं, "आई, मी आलेय." सिनेमाच्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. शेजारी काहीच नव्हतं. नुसतं कापड आणि लाकूड. मला वाटलं, या साऱ्याचं माझ्यापाशी काही स्पष्टीकरण नाही, पण ते आता संपलं आहे. मी वेळेवर आले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खेळ संपला. दिवे लागले. मी उठले. तिथल्या खुर्च्या जुन्या, स्प्रिंगच्या. माणूस उठलं की बैठक आपोआप वर जाऊन पाठीवर आपटते. माझी आपटली. त्या रिकाम्या थिएटरात तो आवाज चांगलाच घुमला. शेजारची बैठक पूर्ण वेळ वरच होती.

मी चढावरून दाराकडे गेले. दारावर हात ठेवला.

तेव्हा मागून तसाच आवाज आला.

नवव्या रांगेतून नाही. अगदी पडद्याजवळून, पलीकडच्या भिंतीकडून, माझ्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढ्या लांबच्या खुर्चीतून.