घरची भाषा: इंग्रजी

बाबांचा शेवटचा साधा दिवस एका इंटरनॅशनल शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत गेला. परदेशातलं आमचं ते चौथं वर्ष, माझ्या घटस्फोटानंतरचं दुसरं. माझी पाच वर्षांची ठमी त्यांच्या मांडीवर बसून केळं खात होती आणि त्यांच्याशी अस्सल मराठीत भांडत होती.

टेबलामागे शाळेने पालकांसाठी नेमलेला दुभाषा. माझं आडनाव वाचून त्याने सरळ मराठीच सुरू केलं.

"घरची भाषा — इंग्रजी?"

"हो."

"मग ते आजोबा मघापासून रागावतायत, ते इंग्रजीत का?"

"तुम्हाला दुभाषा म्हणून ठेवलंय की हेर म्हणून?"

"पगार एकाचाच मिळतो," तो हसला. मला त्या हसण्याचा राग आला... आणि ते आवडलं याचा जास्तच.

मी आवाज खाली आणला. मराठी लिहिलं की पोरांना वर्षभर वेगळ्या मदतवर्गात बसवतात. आपले सगळे इंग्रजीच लिहितात.

मागून बाबा म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मी काय, पाहुणा. तिकीट काढून दे, जातो परत."

मी उत्तर दिलं नाही. रागात होते. घरी आल्यावरही दिलं नाही.

सकाळी चहा घेऊन गेले, तर बाबा उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी शाळेचं पत्र आलं. प्रवेश मंजूर. मात्र मुलगी चाचणीत 'अनोळखी भाषेत' उत्तरं देते, तरी घरी तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलावं.

अनोळखी! पत्राखाली चौकशीसाठी त्या दुभाष्याचा नंबर होता; मी त्यालाच फोन लावला.

"असली पत्रं पाठवायला लाज नाही वाटत?"

"पाठवत मी नाही. लाज मात्र वाटते. आजोबांचं कळलं... फार वाईट वाटलं. दुसरी एक शाळा आहे, द्विभाषिक. उद्या दाखवू? दुभाषा म्हणून नाही येणार."

"मग?"

"हेर म्हणून."

मी हसले. बाबा गेल्यावर पहिल्यांदा. आणि स्वतःवरच चिडले.

त्या शाळेत इंग्रजी आणि त्या देशाची भाषा, दोन्ही शिकवत. मुख्याध्यापिका त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलल्या. त्याने मला मराठीत सांगितलं, "घरी तुमचीच भाषा पक्की करा, बाकीच्या दोन आम्ही बघतो."

"हे त्या म्हणाल्या, की तुम्ही पदरचं घातलंत?"

"मला कुठे पदर आहे?"

ठमीचं नाव मी तिथेच घातलं. मग दर रविवारी तो तिला गोष्टी सांगायला येऊ लागला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनीही विचारलं नाही.

एका भुरभुर पावसाच्या दुपारी तो दारात बुटांची नाडी बांधत म्हणाला, "दुसऱ्या शहरात काम मिळतंय. उद्या कळवायचंय. इथे कुणी थांब म्हणालं असतं, तर—"

"कुणी म्हणजे?"

"कुणीही. मुख्याध्यापिका सोडून."

नाडी केव्हाच बांधून झाली होती. तो उगीच वाकून राहिला होता. माझा संताप उफाळून आला. जायचं नसलेली माणसंसुद्धा जातो म्हणतात, आणि मी तोंड शिवून उभी!

"थांब," मी जवळजवळ ओरडले. "नको जाऊस. मला हवा आहेस तू, इथे, या घरात... मला बाबाही हवे होते रे. त्यांना मी हे एकदाही म्हटलं नाही."