लुणीचं पाणी

“थांबा! थांबा! तिथं आग्या मोहोळ हाय!” अंजूचा भाऊ लखन जिवाच्या आकांताने ओरडला आणि जेसीबीवाला खाली उडी टाकून थेट रस्त्याकडे पळत सुटला!

मोहोळबिहोळ काही नव्हतंच. पण अंजूला तेवढाच वेळ हवा होता. ती झुडपांत घुसली.

दिवाळीच्या सुटीत दारव्ह्याची शाल्मली मैत्रिणीच्या, म्हणजे अंजूच्या बंजारा तांड्यावर राहायला आली होती. तिचे मंदारकाका इथल्या रस्त्याचे इंजिनीअर. कामातले दगडधोंडे त्यांनी लोणीमाळावरच्या खड्ड्यात टाकायला सांगितले होते. झुडपांनी गच्च भरलेल्या त्या खड्ड्यात डोकावायची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती!

“एवढ्या खडकाळ माळावर लोणी कुठून आलं?” सकाळी शाल्मलीने विचारलं होतं.

अंजूचे आजोबा सेवादास हसले. “लोणी नाई बाई, लुणी! आमच्या बोलीत लूण म्हंजे मीठ. पाटी लिहिनाऱ्यानं लोणी करून टाकलं.”

त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर व्यापार करत. त्या फिरतीला म्हणायचं लदेणी. पुढे रेल्वे आली, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि तांडा शेतीला लागला.

“लदेणी लुणीवर मुक्कामी उतरे म्हनत. नेमकं ठिकान कोनाले ठाव नाई; एक डाव पाह्याचं होतं. राह्यलंच,” आजोबा म्हणाले.

“पण दादा, एवढे बैल पानी कुठं पेत?” अंजूने आजोबांना विचारलं आणि स्वतःच ताडकन उठली. खड्डा!

आता झुडपांत वाकून तिने एक खडा टाकला. डुबुक!

“विहीर!” तिघेही किंचाळले.

“काय आचरटपणा चाललाय?” मंदारकाका तणतणत आले. झुडपं बाजूला सारताच त्यांना घडीव दगडांच्या पायऱ्या दिसल्या. त्यांचा चेहरा पडला. “मी एकदा वाकून तरी बघायचं होतं! शाब्बास रे पोरांनो!”

दुपारी आजोबांना आणलं. लखनने बादली शेंदली. आजोबांनी ओंजळ भरली आणि तशीच सोडून दिली.

“दादा, काहून पेत नाई?”

“पैले बैल, मंग मानसं. लदेणीचा रिवाज हाय, बाई.”

लखन धावला आणि वावरातली बैलजोडी घेऊन आला. बैल पोटभर प्यायले. त्यांच्या रिकाम्या पाठीवरून आजोबा कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. मग ते प्यायले.

“लुणीचं पानी, अन् गोड!” त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिघांना जवळ ओढलं. “पोरायहो, तुमी मले मुक्कामी पोचवलं!”