शेवटची तीन पानं

चुलीवर करंज्या तळल्या जात होत्या आणि गोजरबाईंच्या हातात सुनेची कादंबरी होती... जाळापासून अवघी वीतभर दूर.

"कंपनीला सुट्टी लागली ती घरच्या कामाला, का असलं रडगानं वाचाया?" त्या कडाडल्या. "सकाळधरनं बघतीय. पुस्तक वाचती आन् डोळं पुसती. आलं-गेलं मानूस म्हनंल, सासू छळती."

सुप्याच्या कारखान्यात वर्षभर मशीनपुढे उभी राहणारी अश्विनी दिवाळीच्या या पाच दिवसांवर जीव टाकून असायची. वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणायची, कामं उरकली की पडवीत बसायचं आणि परक्यांच्या सुखदुःखात स्वतःला विसरून जायचं... एवढंच तिचं मागणं. सात वर्षांत त्यासाठी तिने दर दिवाळीला बोलणी खाल्ली होती, उलटून शब्द काढला नव्हता. कारण तिला ठाऊक होतं, सासूबाईंचा राग पुस्तकावर नव्हता. तो वैजयंतावर होता.

वैजयंता त्यांची थोरली लेक. तीही सुट्टीत अशीच कादंबऱ्या वाचायची. अकरा वर्षांपूर्वी तिने परजातीतल्या मुलाशी लग्न करून संगमनेरला बिऱ्हाड केलं आणि गोजरबाईंनी तिच्या नावाने अंघोळ केली. पुस्तकांनी आपली पोर नासवली, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. तिचा धाकटा भाऊ रविराज, म्हणजे अश्विनीचा नवरा, दर भाऊबीजेला न जेवता रानात निघून जायचा आणि दिवस मावळल्यावरच परतायचा. त्याच्या त्या मूक वेदनेने अश्विनीचं अंतःकरण विदीर्ण व्हायचं.

आज मात्र ती मागे सरली नाही.

"आत्याबाई, जाळा. पण आधी ऐका. ऐकूनही वाईट वाटलं तर मी माझ्या हातानं चुलीत घालते. पुन्हा या घरात पुस्तक आणणार नाही."

गोजरबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. अक्षर न ओळखणारे त्यांचे डोळे क्षणभर त्या मुखपृष्ठावर घुटमळले. "वाच. करंज्या व्हईस्तवर."

करंज्या झाल्या, शंकरपाळेही झाले. अश्विनी वाचत राहिली. कादंबरीतल्या आईने अभिमानापायी लेकीला घराबाहेर काढलं होतं आणि ती एकटीच आतल्या आत झुरत होती... दुसऱ्या दिवशी गोजरबाई आपणहून येऊन बसल्या. "काल कुठवर आलं हुतं?" त्यांनी हलकेच विचारलं.

पाडव्याच्या दुपारी शेवटची तीन पानं उरली. अश्विनीची नजर पुढे धावली आणि ती वाचता वाचता थांबली. आई लेकीची वाट पाहत प्राण सोडते, असा शेवट होता. चार वाक्यं बदलली असती तर मायलेकी गळ्यात पडल्या असत्या, आणि गोजरबाईंना ते कधीच कळलं नसतं. खरं वाचलं तर त्या कोसळतील, दोष आपल्या माथी येईल आणि हे एकुलतं सुखही कायमचं जाईल... पण खोट्या समाधानाने वैजयंता थोडीच परत येणार होती! अश्विनीने पुस्तक घट्ट धरलं आणि जसं होतं तसं वाचलं.

गोजरबाईंनी हात पुढे करून पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "पोरगी आलीच न्हाई व्हय येळंवर?"

"आली होती, आत्याबाई. आधी एकदा. तेव्हा आईनंच दार उघडलं नव्हतं."

गोजरबाई उठल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. संध्याकाळी ताटाला हात लावला नाही. आपण हरलो, असं अश्विनीला वाटलं. तरी आपण खोटं वाचलं नाही, याचा तिला पश्चात्ताप नव्हता.

भाऊबीजेच्या सकाळी रविराज रानात जायला निघाला, तोच गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, फराळाचा डबा घेऊन बाहेर आल्या.

"रविराज, संगमनेरची गाडी कवा हाय?"

तो पायरीवर मटकन बसला.

"तुम्ही दोघं जा, मी घर सांभाळते," अश्विनी म्हणाली. मायलेकींमध्ये आपण कशाला, असं तिला वाटलं.

"तू न्हाई आलीस तर दारातनंच माघारी फिरंन मी. चल."

दोन एसट्या बदलून ते दुपारी पोचले. दार वैजयंतानेच उघडलं. हात पिठाचे होते, केसांत एक पांढरी बट. आईला पाहून ती जागच्या जागी खिळली.

गोजरबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "लांबून आलेय गं... पानी दे."

"आमच्या घरचं... पिशील, आई?"

"पिते. आन् जेवून बी जाईन."

पिठाच्या हातांनीच वैजयंताने तांब्या दिला. गोजरबाईंनी उभ्यानेच घोट घेतला, त्यात अर्धे अश्रूच होते. रविराज बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता. अश्विनी मागे, पायरीखालीच थांबली होती.

गोजरबाईंनी वळून तिचा हात धरला आणि तिला पुढे ओढलं.

"ही माझी सून, अश्विनी. सात वर्सं लई बोलले हिला," त्या लेकीला म्हणाल्या. "आदी हिला बसाया दे. हिनं आनलं मला तुझ्यापातूर."