झडपेची दोन टोकं

गाडीच्या डॅशबोर्डमागे टकटक सुरू झाली, तेव्हा मी आठवडाभर लक्षच दिलं नाही. सात महिन्यांची पोर घरात असली की निम्मे आवाज कानाआड करायची सवय लागते. मग एसी पायांवर गार आणि तोंडावर गरम वारा फेकायला लागला. मागच्या सीटवर ठकी घामाने थबथबली, तेव्हा कुठे गाडी गॅरेजात नेली.

गॅरेजवाले काका डॅशबोर्डखाली उताणे शिरले. बाहेर आले ते साबणाच्या वडीएवढी मोटर तळहातावर घेऊन.

“ही बघा तुमची टकटक. आत प्लास्टिकची चाकं आहेत, त्यांचे दात झिजलेत. इकडून गरम हवा, तिकडून गार, मध्ये झडप.” त्यांनी पंजा दारासारखा हलवून दाखवला. “ती किती उघडायची, किती लावायची, ते ही ठरवते.”

“म्हणजे घरातली सासूच की.”

काका खो-खो हसले. नवी मोटर बसवून झाली, तसे गंभीर झाले.

“आता चावी फिरवतो. मिनिटभर कशालाही हात लावायचा नाही. नवी मोटर कोरी असते. झडप एका टोकाला नेते, मग दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही टोकं लक्षात ठेवते. पुढे जन्मभर तेवढ्यातच फिरते. पोरीला बाहेर घेता का?”

मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठकीचा नुकता डोळा लागला होता. एक मूठ गालाखाली, दुसरी माझ्या ओढणीच्या टोकावर.

“उचललं तर गॅरेज डोक्यावर घेईल हो.”

“मग राहू दे.”

झूंऽऽ. टक. झूंऽऽ. टक. मिनिट झालं.

तीन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. चौथ्या दिवशी औषधांच्या दुकानासमोर मी ठकी उठायची वाट बघत बसले होते. इंजिन बंद, चावी पर्समध्ये. तरी आवाज आला. झूं. टक.

आरशात बघितलं. ठकीचं पोट वर आलं, झूं. खाली गेलं, टक.

योगायोग असेल. पण मी मोजणारी बाई आहे. शंभरपर्यंत मोजलं, एकही चुकला नाही. मग तिला उचकी लागली. डॅशबोर्डलाही लागली. मला हसू आलं, खरंच आलं. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “तू आधी झोप पुरी कर बाई.”

दुसऱ्या दिवशी गाडी तो ऑफिसला घेऊन गेला. अकराच्या सुमारास मी ठकीशेजारी बसून तिची दुपटी घडी करत होते. ती गाढ झोपली होती. नवऱ्याचा फोन आला.

“अगं, या मोटरने डोकं उठवलंय. गाडी लावली तरी चालूच! समोरचा कप्पा काढलाय. हं, हा दांडा फिरतोय. थांब, बोटाने धरून बघतो.”

ठकीचं पोट वर आलं आणि वरच राहिलं.

मी हाक मारली. तळपायाला टिचकी मारली. चेहरा शांत होता. ओठांच्या कडा निळ्या व्हायला लागल्या.

“सोड!”

“काय?”

“बोट सोड ते!”

फोनमधून टक ऐकू आलं. पोट खाली गेलं.

डॉक्टरांनी छाती दोनदा तपासली. “फुप्फुसं ठणठणीत आहेत. रडता रडता श्वास रोखून धरतात मुलं.”

“ती झोपली होती,” मी म्हटलं. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

गाडी गॅरेजपर्यंत नवऱ्याने चालत्या माणसाच्या वेगाने आणली, एकेक खड्डा चुकवत. काका हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. माझ्या कडेवरच्या झोपलेल्या ठकीकडे बघत, कान डॅशबोर्डकडे लावून बराच वेळ उभे राहिले.

“परत कोरी करता येते,” शेवटी म्हणाले. “बॅटरीची वायर काढायची, शिकलेलं विसरू द्यायचं. मग रिकाम्या गाडीत नव्याने शिकवायचं.”

“विसरायला किती वेळ?” नवऱ्याने विचारलं.

“पंधरा मिनिटं.”

नवरा भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

“आणि नाही केली तर?” मी म्हटलं.

“तर चालू द्यायची, ताई. चालेल तोवर.” काकांनी हातातला पाना फडक्यात गुंडाळून ठेवला. जाताजाता सवयीने एसीच्या जाळीपुढे तळहात धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“काय झालं?”

ते नुसते बाजूला झाले.

मी वाकून गाल जाळीपाशी नेला. पंखा बंद होता. तरी झुळूक आली, एवढीशी, कोमट, ओलसर. तिला दुधाचा वास होता.

मी ठकीच्या नाकाखाली बोट धरलं. तिची छाती वर आली. झूं. खाली गेली. टक.

बोटाला काहीच लागलं नाही.