ससाण्याचा शंभरावा माणूस

"ससाणा-चार बिघडलेला नव्हता," आचरेकर आजी म्हणाल्या. "त्याची स्मृती मी दोनदा तपासली, शाल्मली. त्या दिवशी त्याने अगदी ठरल्याप्रमाणे काम केलं."

 शाल्मली बारा वर्षांची होती आणि कळायला लागल्यापासून तिने एकच वाक्य ऐकलं होतं, 'यंत्र बिघडलं म्हणून तुझे बाबा गेले.' बिघाड म्हटलं की रागवायलाही कुणी उरत नाही. पण यंत्र धडधाकट असेल, तर त्याने बर्फ वितळवण्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या विश्राम घाडी नावाच्या साध्या माणसाला का मारलं?

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सेरेस नावाचा बटुग्रह (ग्रहासारखा गोल, पण फार लहान) आहे. त्याच्या गोठलेल्या जमिनीखाली दोन हजार माणसांची हिमवाडी वसली होती. युद्धाच्या काळात तिथे ससाणा मालिकेचे मारेकरी यंत्रमानव आणले गेले. गर्दीतून एक माणूस हेरायचा आणि त्याला संपवायचं, एवढंच त्यांचं काम. युद्ध संपल्यावर उरलेले ससाणे गोदामात कुलूपबंद झाले.

आता ती कुलपं निघायची वेळ आली होती. कुणीतरी प्राणवायूच्या नळ्या कापत होतं. मागच्या वेळी पाळणाघरातली दोन बाळं जेमतेम वाचली. कॅमेऱ्यात एक अंधुक आकृती तेवढी दिसली होती. "ससाण्यांना ती आकृती दाखवा, ते निकाल लावतील," असं वसाहतप्रमुख रणदिवे सांगत होते. दुसऱ्या दिवशी त्यावर मतदान होतं. यंत्रं तपासण्यासाठी डॉ. नलिनी आचरेकर मंगळावरून आल्या होत्या. पांढऱ्या केसांच्या या शास्त्रज्ञ बाईंना वसाहतीतली सगळी मुलं आजीच म्हणत.

"तो माणूस ओळखतो कसा?" शाल्मलीने विचारलं.

"ओळखत नाही गं. तुलना करतो. चालताना पाऊल किती लांब पडतं, खांदा किती हलतो, दोन डोळ्यांत अंतर किती, या सगळ्याचे तो आकडे करतो. मग ते हव्या असलेल्या माणसाच्या आकड्यांशी ताडून पाहतो. त्यातून साधर्म्यांक (दोन गोष्टी किती सारख्या आहेत हे सांगणारी संख्या) निघतो. तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ससाण्याच्या लेखी माणूस सापडला."

"आणि तो चुकतो किती वेळा?"

"निर्दोष माणूस समोर आला, तर शंभरांत एकदा."

"एवढं कमी?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. आता सांग, हिमवाडीत माणसं किती?"

"दोन हजार."

"आणि नळ्या कापणारा?"

"एकच असेल."

"मग बाकीच्यांना एकेक करून ससाण्यासमोरून जाऊ दे. दर शंभरांत एकाला तो गुन्हेगार समजेल. असे किती होतील?"

शाल्मलीने मनात भागाकार केला. 

"वीस," ती म्हणाली. "वीस निर्दोष माणसं. आणि खरा एक."

"एकवीस जणांवर बोट ठेवलं, तर त्यातले वीस चुकीचे. याला चुकीचा इशारा (नाही ते आहे असं सांगणं) म्हणतात. आपण जे शोधतो ते जितकं दुर्मीळ, तितके चुकीचे इशारे खऱ्यांपेक्षा वरचढ होतात. यंत्र कितीही चांगलं असलं, तरी हे गणित चुकत नाही."

"म्हणजे बाबा अशाच विसांमधले होते."

"हो," आजी म्हणाल्या. त्यांनी उगाच समजूत घातली नाही. फक्त तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी हिमवाडी सभेच्या घुमटात जमली. रणदिवे तळमळून बोलले. पाळण्यात निळी पडलेली बाळं त्यांनी स्वतः उचलली होती. "शंभरांत नव्व्याण्णव वेळा बरोबर! माणूस तरी इतका अचूक असतो का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शाल्मली उठली.  "काका, आधी एकदा करून बघू या. शस्त्र काढून."

कुजबुज झाली, पण कुणी हरकत घेतली नाही. आजींनी तपासणीसाठी बाहेर काढलेल्या एका ससाण्याचं शस्त्र सगळ्यांसमोर उतरवलं आणि त्याला कॅमेऱ्यातली आकृती दाखवली. रांग सुरू झाली. माणूस समोरून गेला की ससाणा मान वळवून पाहायचा. बहुतेकांना तो सोडून द्यायचा. क्वचित एखाद्याच्या छातीवर त्याचा लाल ठिपका पडायचा, आणि तो माणूस मंचावर जाऊन उभा राहायचा.

पाव भाजणारे यासीनचाचा मंचावर गेले. शाळेतल्या हेमांगीबाई गेल्या. काठी टेकत चालणारे एक आजोबा गेले. मग शाल्मलीच्या आईची पाळी आली. ससाण्याने मान वळवली.

लाल ठिपका पडला.

 त्या विसांत आईही असू शकेल, हे गणित करताना शाल्मलीला सुचलंच नव्हतं. आई ठिपक्याकडे बघत क्षणभर थांबली, मग ताठ मानेने मंचावर जाऊन उभी राहिली.

रांग संपली तेव्हा मंचावर बावीस जण होते. 

"यांपैकी कुणाला मारायचं, काका?" शाल्मलीने विचारलं. 

रणदिवे मंचाकडे पाहत राहिले. "आपण... आपण यांची नीट चौकशी करू."

"ससाणा चौकशी करत नाही. बाबांची केली नव्हती."

 मतदानात गोदामाची कुलपं काढायला कुणीही हात वर केला नाही, रणदिव्यांनीसुद्धा.

नळ्या कापणारा महिन्याभरात सापडला. तो त्या बावीस जणांतच होता. पण बावीसांतला तो कोणता, हे पहारा देऊन आणि विचारपूस करून माणसांनी शोधून काढलं.

ससाणे वितळवून टाकावेत असं पुष्कळांना वाटत होतं. शाल्मलीलाही. आजींनी तिला विचारलं, "इशारा चुकला तरी कुणाचा जीव जाणार नाही, असं काही काम सुचतं का तुला?"

तिने खूप दिवस विचार केला. मग सांगितलं.

शस्त्रं तेवढी वितळवली गेली. पुढच्या वर्षी उत्तरेकडचा एक बोगदा कोसळला, तेव्हा गाडल्या गेलेल्या माणसांची ऊब हेरायला ढिगाऱ्यावर ससाणे सोडले होते. पहिल्या लाल ठिपक्याखाली खणलं, तर गरम पाण्याची नळी निघाली. कुणी चिडलं नाही. "पुढे चला," म्हणत लोकांनी फावडी उचलली. दुसऱ्या ठिपक्याखालीही काही नव्हतं.

तिसऱ्या ठिपक्यापाशी शाल्मलीने हातमोज्यांनी बर्फ बाजूला सारला, आणि आतून कुणीतरी तिची बोटं घट्ट धरली.